पाडांग बेसारचा तास

औषधांच्या दुकानातून मिळालेलं कॅलेंडर.
रोज एक पान फाडायचं,
आणि फाडलेल्या पानाची पाठ मी वाया जाऊ देत नाही.
चौदा तारखेच्या पाठीवर हाट याई,
पंधराच्या पाठीवर बँकॉक,
व्हिएन्तियानला जास्त जागा लागली,
नदी, पूल, शिक्के, पैसे बदलणं,
म्हणून दोन पानं टाचली.
इपोहपासून लुआंग प्रबांगपर्यंतची सगळी वाट
आता कपड्यांच्या एका चिमट्यात मावते.

मुलगी पर्थहून म्हणते, आई, विमानं आहेत गं.
आहेत की.
पण विमानाला नुसती दोन टोकं असतात,
तुझ्या बाबांना मधलं हवंय.

वाई लून समोर बसून डाव्या हाताने अंडं सोलतोय.
उजवा गेल्या वर्षापासून पाहुण्यासारखा वागतो,
मांडीवर बसून राहतो, घरातल्या कशालाच हात लावत नाही.
कथिलाच्या खाणीत अठ्ठावीस वर्षं
याच हाताने त्याने घराएवढी यंत्रं खोलली, जोडली.
खाणी बंद झाल्या, खड्ड्यांची तळी झाली,
तळ्यांत लोक आता मासे धरतात.

रात्रीच्या गाडीत खालचा बर्थ रुंद आणि महाग.
वरचा अरुंद, शिडीचा.
वरचा माझा, तो म्हणतो.
म्हणजे म्हणत नाही, छताकडे बोट दाखवतो.
डॉक्टर काय म्हणाले, आठवतंय?
तो अंड्याचं टरफल
माझ्या बँकॉकवर ठेवतो.

गाडी बदलायला बावीस मिनिटं.
बावीस मिनिटं म्हणजे किती पावलं,
हे कुठलंच वेळापत्रक सांगत नाही.
म्हणून रविवारी आम्ही इपोह स्टेशनवर गेलो,
बॅगेत कपड्यांऐवजी दहा किलो तांदूळ भरून.
या फलाटावरून त्या फलाटावर, पुलावरून,
लिफ्ट बंद आहे असं समजून.
मी घड्याळ धरलं.
पहिल्यांदा पंचवीस मिनिटं.
दुसऱ्यांदा एकवीस,
पण मध्येच तो कठड्याला टेकून
सिमेंटची मालगाडी जाईपर्यंत बघत राहिला.
ती चार मिनिटं मी धरली नाहीत.
त्याने धरली.
त्याच्या मते तेवढ्यासाठीच तर निघायचं.

छातीवर रोस्लान नावाची पट्टी लावलेला पोरगा आला.
मॅकचिक, कुठली गाडी?
म्हटलं, तिला अजून सहा आठवडे आहेत.
तो हसला नाही.
तिसऱ्या फेरीला त्याने बॅग उचलून घेतली
आणि आम्ही सतरा मिनिटांत पोचलो.
ती फेरी मी लिहिली नाही.
हाट याईला कुठला रोस्लान?

मग रात्री, तो झोपल्यावर,
सरहद्दीचं पान काढून बसले.
पाडांग बेसार. स्टेशन एक, खिडक्या दोन देशांच्या,
आणि पलीकडचं घड्याळ आपल्याहून तासभर मागे.
म्हणजे अडीचला रांगेत उभं राहायचं
आणि शिक्का मारून पावणेदोनला बाहेर पडायचं.
तीनदा बेरीज केली.
दर वेळी एक तास उरला,
कुठल्याच तारखेत न बसणारा,
शिवणकामात उरलेल्या चिंधीसारखा,
टाकवतही नाही, कशाला जोडताही येत नाही.
इतकी वर्षं घरखर्च लिहिते मी.
माझ्या वहीत असं कधी काही उरलेलं नाही.

सकाळी त्याला विचारलं, या तासाचं काय करायचं?
तो शब्द शोधू लागला.
मी कॉफी गाळली, कप धुतला, परत धुतला.
शब्द पुरवायचा नाही,
व्यायाम शिकवणारी बाई सांगून गेली आहे.
शेवटी आला. अर्धा तोंडातच अडकून,
पण आला.
बसू, म्हणाला.

चौदा तारखेच्या कोपऱ्यात लिहिलं,
पाडांग बेसार, एक तास, बसणे.
आणि खाली, खोडता येईल अशा पेन्सिलीने,
वरचा बर्थ: वाई लून.

येताना तो तास परत द्यावा लागतो,
ठाऊक आहे मला.
परतीचं पान अजून
कॅलेंडरलाच आहे.